गाडी जुनी, कुलूप तिच्याहून जुने

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात: ॲव्हरेज किती देते, आणि विकायची आहे का. ती चोरीला जाण्याची भीती वाटत नाही का, असे सहसा कोणी विचारत नाही, कारण पन्नास वर्षांची फियाट चोरून कोणी काय करणार, अशी सर्वांचीच समजूत असते. लक्ष्मीनगरमधल्या आमच्या घरी वडिलांच्या काळापासून प्रीमियर प्रेसिडेंट आहे आणि नागपुरातल्या जुन्या गाड्यांच्या इतर मालकांकडेही माझे येणेजाणे असते. त्या अनुभवावरून सांगायचे तर ही समजूत अगदी चुकीची नसली तरी धोक्याची आहे. चोर अशी गाडी हौसेने फिरवण्यासाठी नेत नाही, हे खरे. पण फिरवण्याखेरीज गाडीचे इतरही उपयोग असतात, आणि आपण बाजारातून जी कुलपे आणून लावतो ती बहुतेक सगळी गाडी चालवत पळवणाऱ्या चोराला डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली असतात.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली, १९७२ मध्ये तिचे नाव प्रेसिडेंट झाले आणि १९७४ मध्ये पद्मिनी. या शतकाच्या सुरुवातीला तिचे उत्पादन थांबले. उत्तरपाड्याची अँबेसेडर २०१४ पर्यंत तग धरून होती. उत्पादन थांबले म्हणजे सुटे भाग हळूहळू संपत जाणार, आणि जे संपत जाते त्याला भाव येतो. पुढची जाळी, बंपर, व्हील कप, मागच्या दिव्यांच्या काचा, दारांच्या मुठी, स्टीअरिंगवरची हॉर्नची कडी, डॅशबोर्डवरचे मीटर या वस्तू आज कोणी नव्याने बनवत नाही, आणि बनवल्याच तर त्या मूळ मापाला बसत नाहीत. म्हणून जुन्या गाडीच्या बाबतीत चोरीचे खरे रूप पुष्कळदा वेगळे असते: गाडी जागच्या जागी राहते आणि तिच्यावरचे दागिने जातात. किंवा गाडी पूर्णच जाते, पण एक गाडी म्हणून ती पुन्हा कोणाला दिसत नाही, कारण कबाड्याच्या आवारात शिरल्यानंतर काही तासांत तिचे तुकडे झालेले असतात आणि बहुतेक तुकड्यांवर गाडीचा नंबर नसतो. मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्या खोलण्यासाठी देशभर कुप्रसिद्ध होता. उत्तर प्रदेश पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये तो बंद पाडला, परंतु मागणी बाजारासोबत बंद होत नसते.

नागपूरची जागाही या कामी चोराच्या सोयीची आहे. झिरो माइलचा दगड शहराची शान खराच, पण त्याच मध्यवर्ती स्थानामुळे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन्ही मोठे राष्ट्रीय महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. सावनेरवरून पांढुर्णा, देवलापारवरून सिवनी, भंडारा-गोंदियाकडून छत्तीसगड, या सगळ्या वाटांनी काही तासांत राज्याची हद्द ओलांडता येते. गाडी रात्री गेली आणि मालकाला सकाळी कळले, तर ती तोवर दुसऱ्या राज्यात पोहोचलेली असू शकते.

आता कुलपांकडे वळू. आजच्या गाडीच्या चावीत चिप असते, आणि ती चिप इंजिनाच्या संगणकाने ओळखल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. आमच्या गाडीत संगणकच नाही. बॅटरीपासून इग्निशन स्विच, तिथून कॉइल, कॉइलपासून डेल्को (म्हणजे प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर), एवढाच काय तो कारभार. कार्बोरेटर आहे, पेट्रोलचा पंप इंजिनाच्या जोरावर चालतो, त्यामुळे ठिणगी पडली की गाडी चालते. सदरमधले माझे मिस्त्री एकदा म्हणाले होते, “ही गाडी चोरायले डोकं नाही लागत जी, एक तार लागते.” दारांची कुलपेही त्याच काळातली; चावीचे दाते पन्नास वर्षांत झिजलेले असतात आणि दाराला पुढच्या बाजूला जी त्रिकोणी काच असते तिची कडी सैल झाली असेल तर हात आत घालायला तेवढी फट पुरते. अशी कडी सैल असेल तर ती आधी दुरुस्त करून घ्यावी. बाकीचा खर्च त्यानंतर.

बाजारात मिळणारे गिअर लॉक आमच्या कामाचे नाही. ते खाली जमिनीवर गिअरची दांडी असलेल्या गाड्यांसाठी असते, आणि प्रेसिडेंटचा गिअर स्टीअरिंगच्या बाजूला आहे. स्टीअरिंगवर आडवी लावायची जाड सळई चालते, पण एक गोष्ट लक्षात घ्यावी: जुन्या गाड्यांचे स्टीअरिंग मोठे आणि बारीक गोलाईचे असते, आत पातळ लोखंडी कडी आणि वर कडक प्लास्टिक. चोर सळई कापत बसत नाही, तो स्टीअरिंगच कापतो, आणि सळई निघून येते. म्हणजे चोरी फसली तरी मालकाचे मूळ स्टीअरिंग गेले, जे पुन्हा मिळवायला आयुष्य जाते. मी ती सळई वापरतो, पण केवळ दिसण्यासाठी. लांबून पाहणाऱ्याला ती दिसावी आणि त्याने पुढच्या फाटकाकडे जावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा.

खरा उपयोग चोर स्विचचा. इग्निशनकडून कॉइलकडे जाणाऱ्या तारेत एक गुप्त स्विच बसवायचा, आणि तो अशा ठिकाणी की बसल्या जागी हात पोहोचेल पण शोधणाऱ्याची नजर जाणार नाही. डॅशबोर्डखालची जागा सोडून कुठेही, कारण डॅशबोर्डखाली सगळेच आधी चाचपतात. हे काम स्वस्त आहे, मात्र ते स्वस्तात उरकू नये. बारा व्होल्टच्या साध्या कॉइलचा रोध तीन ओमच्या आसपास असतो, म्हणजे त्या तारेतून सुमारे चार अँपिअर प्रवाह जातो. घरातल्या नाइट लॅम्पचे बटण तिथे लावले तर ते तापते, आतला संपर्क जळतो आणि भर दुपारी व्हरायटी चौकात गाडी बंद पडते. योग्य क्षमतेचा स्विच घ्यावा किंवा रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, वापरावा. त्याहून साधा उपाय डेल्कोचे झाकण उघडून आतला रोटर काढून खिशात टाकण्याचा आहे. रोटर नसेल तर सेल्फ कितीही मारला तरी इंजिन बोलणार नाही. रोजच्या वापरात हे कंटाळवाणे होईल, पण लग्नासाठी, प्रदर्शनासाठी किंवा परगावी गाडी रात्रभर बाहेर उभी करायची असेल तर यापेक्षा खात्रीचे काही मला ठाऊक नाही. डिझेल अँबेसेडरवाल्यांनी मात्र यावर विसंबू नये. डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही, धक्का देऊन सुरू झाले की ते चालतच राहते. त्यांनी डिझेलच्या नळीत बंद करता येणारी तोटी बसवून घ्यावी.

आणि तरीही हे सगळे उपाय एका चोराविरुद्ध निष्प्रभ ठरतात: जो गाडी सुरू करण्याच्या भानगडीतच पडत नाही. नवी कोरी गाडी कोणी दोरी बांधून ओढत नेत असेल तर रस्त्यावरचे चार जण थांबून पाहतील. जुनी गाडी टोचन करून नेताना दिसली तर कोणालाच वावगे वाटत नाही, कारण जुन्या गाड्या बंद पडतातच असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. उलट चौकात दोन भली माणसे मागून धक्का देतील आणि ट्रॅफिकमधून वाटही करून देतील. माझ्या मते जुन्या गाडीच्या सुरक्षेतले हे सर्वांत मोठे भोक आहे, आणि ते इंजिनाशी संबंधित कोणत्याही उपायाने बुजत नाही. त्यासाठी चाके अडवावी लागतात. चाकाला लावायचा पिवळा क्लॅम्प किंवा रिममधून ओवून जमिनीतल्या पक्क्या कडीला बांधलेली जाड साखळी, यांपैकी काहीतरी हवे. पंधरा दिवसांपेक्षा जास्त बाहेरगावी जायचे असेल तर मी गाडी जॅकवर उचलून चारही बाजूंना घोड्या लावतो आणि दोन चाके काढून घरात ठेवतो. यात टायर एका जागी दबून चपटे होत नाहीत, हा लाभ वेगळा. शिवाय गाडीचे तोंड भिंतीकडे ठेवून मागे घरातली रोजची गाडी उभी करणे, याला पैसाही लागत नाही.

जीपीएस ट्रॅकरबद्दल सगळेच उत्साहाने बोलतात. तो असावाच, पण जुन्या गाडीत तो बसवताना काही अडचणी येतात आणि नव्या गाड्यांवर हात बसलेले दुकानदार त्या विचारात घेत नाहीत. पहिली अडचण बॅटरीची. समजा ट्रॅकर सतत वीस मिलिअँपिअर खेचतो. दिवसाला जवळपास अर्धा आणि महिन्याला चौदा-पंधरा अँपिअर-अवर झाले. पस्तीस-चाळीसच्या बॅटरीतून एवढे गेले तर महिनाभर उभी राहिलेली गाडी सेल्फवर सुरू होईलच असे नाही. म्हणून अनेक मालक बॅटरीच्या टर्मिनलवर कट-ऑफ स्विच बसवतात, आणि तो बंद केला की ट्रॅकरही मुका होतो. चोरी रोखण्याचे दोन उपाय एकमेकांनाच रोखतात. उपाय असा की ट्रॅकरची तार कट-ऑफच्या आधी, बॅटरीवरूनच घ्यावी, तिला स्वतंत्र लहान फ्यूज द्यावा, आणि स्वतःची बॅटरी असलेलाच ट्रॅकर निवडावा. गाडी उभी असते त्या काळात महिन्यातून दोनदा बॅटरी चार्जरवर लावावी. दुसरी अडचण जुन्या इंग्लिश गाड्यांची: त्यांतल्या अनेकांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते, काही गाड्या तर सहा व्होल्टच्या आहेत. तिथे नेहमीच्या पद्धतीने तारा जोडल्या तर ट्रॅकर तत्क्षणी जळतो. तिसरी अडचण खास आपल्या गावची. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना बंद गाडीच्या आत साठीपलीकडे तापमान जाते, आणि ट्रॅकरमधला लिथियम सेल अशा उष्णतेत फुगतो. डॅशबोर्डच्या वरच्या बाजूला तो कधीही ठेवू नये. मागच्या सीटच्या आत, कापडाखाली, जिथे वर लोखंडी पत्रा नाही अशी जागा शोधावी. ब्लूटूथचे छोटे टॅग स्वस्त असतात, पण ते आसपासच्या फोनवर अवलंबून असतात आणि अनोळखी टॅग सोबत फिरतो आहे अशी सूचना चोराच्याच फोनवर जाऊ शकते. दुसरा, लपवलेला पर्याय म्हणून ते ठीक.

माणसांविषयीही थोडे लिहिणे भाग आहे. गाडीवर पूर्ण कव्हर घालावे, कारण चमकणारी जाळी आणि व्हील कप रस्त्यावरून दिसले नाहीत तर मोह निम्मा होतो; मात्र पावसाळ्यात प्लास्टिकचे कव्हर नको, त्याखाली ओल कोंडून पत्रा गंजतो. फोटो इंटरनेटवर टाकताना घराचे फाटक, गल्लीची पाटी आणि नंबर प्लेट त्यात येऊ देऊ नये. विकायची जाहिरात देणाऱ्याने तर जास्तच जपावे. पाहायला आलेला गृहस्थ अर्ध्या तासात गाडीबद्दल इतके प्रेमाने बोलतो की “काका, एक फुटाळ्यापर्यंत चक्कर मारून येतो” असे म्हणाल्यावर चावी देताना संकोच वाटत नाही. तो परत आला नाही, तर आपण स्वखुशीने चावी दिली असल्यामुळे विमा कंपनी त्याला चोरी मानायला सहजी तयार होत नाही. ती फसवणूक ठरवली जाते, आणि पॉलिसी चोरीची असते. चक्कर मारायची तर आपण शेजारी बसूनच.

कुलपांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, कागदांकडे लक्ष द्यावे असे मला वाटते, आणि याच बाबतीत आपले बहुतेक मालक ढिले असतात. चोरीनंतर गाडी सापडते तेव्हा ती पुष्कळदा अर्धवट खोललेली, वेगळ्या रंगाची आणि वेगळ्या नंबरची असते. ती आपलीच आहे हे सांगणार कसे? १९८० च्या आधीच्या गाड्यांना सतरा अक्षरांचा आंतरराष्ट्रीय चेसिस क्रमांक नसतो. एक छोटा क्रमांक असतो, पत्र्यावर ठोकलेला आणि एका रिव्हेट मारलेल्या पट्टीवर, आणि पट्टी काढून दुसरी लावायला फार कसब लागत नाही. आरटीओत करतात तसा चेसिस आणि इंजिन क्रमांकांचा पेन्सिलने कागदावर ठसा घेऊन ठेवावा, कारण अक्षरांची ठेवण, एखादा वाकडा आकडा, दोन आकड्यांमधले अंतर यांवरून ठसा ओळखता येतो, नुसत्या क्रमांकावरून नाही. कार्बोरेटर, डायनमो, डेल्को यांच्यावरचे क्रमांक लिहून ठेवावेत. फोटो केवळ देखण्या बाजूंचे काढण्यात अर्थ नाही. जुने वेल्डिंग, डिक्कीच्या आतला पोचा, सीटखालच्या पत्र्यावरचा मूळ रंग, अशा ज्या खुणा दुसऱ्या कोणत्याही गाडीवर नसतील त्यांचे फोटो काढावेत. काचांच्या कोपऱ्यात नोंदणी क्रमांक कोरून घेता येतो. जाळी, दिवे, व्हील कप यांच्या आतल्या बाजूला, जिथे कोणाची नजर जात नाही, तिथे एखादी बारीक खूण कोरावी. पुढेमागे ती वस्तू कोणाच्या दुकानात दिसली तर बोट ठेवून दाखवता येईल.

त्याहून महत्त्वाची गोष्ट आरटीओच्या नोंदीची. पूर्वीच्या नोंदी मोठ्या रजिस्टरांत हाताने लिहिल्या जात. आपली गाडी ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत चढलेली आहे की नाही हे एम-परिवहन ॲपवर क्रमांक टाकून आजच पाहावे. नोंद दिसत नसेल, तर नाक्यावरच्या पोलिसाच्या यंत्रावर ती गाडी अस्तित्वातच नाही, आणि चोरीला गेल्यानंतर तिच्यावर काळी नोंद टाकायची तर टाकणार कशावर? अशा वेळी आपल्या आरटीओकडे, मग ते एमएच-३१ असो, ४९ असो की ४०, बॅकलॉग नोंदीसाठी अर्ज करावा लागतो. मूळ आरसी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर आधी ती वारसाच्या नावावर करून घ्यावी. हे काम चिवट आहे, त्याला खेपा पडतात, पण गाडी गेल्यावर ते करता येत नाही.

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबर प्लेट बंधनकारक झाल्यापासून जुन्या गाड्यांचे मालक नाराज आहेत. काळ्या पाटीवरचे हाताने रंगवलेले पांढरे आकडे गेले याचे दुःख मलाही आहे. तरी त्या प्लेटवर लेझरने कोरलेला कायमचा क्रमांक असतो आणि तिचे कुलूप एकदाच वापरता येते, म्हणजे प्लेट काढली तर ते मोडलेले दिसते; चोरीच्या बाजूने पाहिले तर ती उपयोगी वस्तू आहे. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये वेगळी व्हिंटेज नोंदणी आणली. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात व्हीए ही अक्षरे. परंतु अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन यांसारख्या कारणांखेरीज रस्त्यावर नेहमीसाठी आणता येत नाही, म्हणून रविवारी सकाळी अंबाझरीपर्यंत चक्कर मारणाऱ्या माझ्यासारख्याने विचार करूनच त्या वाटेला जावे.

विम्याचे म्हणाल तर फक्त थर्ड पार्टी पॉलिसीत चोरीला संरक्षण नसते, आणि जुन्या गाडीला कंपन्या बहुधा तेवढीच पॉलिसी पुढे करतात. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची किंमत मालक आणि कंपनी यांनी आपसात ठरवायची असते, म्हणून मान्यताप्राप्त सर्व्हेयरकडून मूल्यांकन करून घेऊन त्याचा कागद पुढे ठेवावा आणि घासाघीस करावी. एका कार्यालयाने नकार दिला तर दुसरीकडे जावे. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने मान्य केलेले चोरीविरोधी उपकरण बसवून तसे प्रमाणपत्र दिल्यास हप्त्याच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर अडीच टक्के सूट मिळते, कमाल पाचशे रुपये. त्या पाचशे रुपयांसाठी कोणी उपकरण बसवत असेल असे वाटत नाही, पण ते प्रमाणपत्र दाव्याच्या वेळी आपण काळजी घेतली होती याचा पुरावा म्हणून कामी येते.

गाडी गेलीच, तर आधी ११२ आणि लगेच पोलीस ठाणे. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली नोंदवला जातो. हद्दीचा प्रश्न काढून कोणी परत पाठवू लागले तर शून्य क्रमांकाने एफआयआर नोंदवता येतो, हे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे; इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ठसे, फोटो, सुट्या भागांचे क्रमांक यांची प्रत तिथेच द्यावी. त्याच दिवशी विमा कंपनीला आणि आरटीओला लेखी कळवावे. एफआयआर ताबडतोब केलेला असेल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे, पण तो आधार वापरायची वेळ येऊ न दिलेली बरी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या यंत्रणेत चोरीच्या आणि सापडलेल्या गाड्यांची जुळणी होते. तिथे आपला चेसिस क्रमांक अचूक चढला आहे याची खातरजमा तपास अधिकाऱ्याकडे करून घ्यावी, कारण जुन्या क्रमांकांत इंग्रजी ओ आणि शून्य यांची सर्रास गल्लत होते. सोबतच जुन्या गाड्यांच्या मालकांच्या गटांत फोटो पाठवावेत. दुर्मीळ भाग विकायला येतो तेव्हा तो शेवटी याच मंडळींपैकी कोणाला तरी दाखवला जातो.

पोलिसांना तपास लागला नाही तर ते न्यायालयात अ-समरी अहवाल देतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, आणि त्यानंतर विमा कंपनी दोन्ही चाव्या, मूळ आरसी आणि हस्तांतरणाच्या फॉर्मवरच्या सह्या मागते. इथे एक बारकावा आहे, आणि सह्या करण्याच्या घाईत तो राहून जातो: पैसे मिळाल्यानंतर गाडी सापडली तर ती आपली नसते, कंपनीची असते. नवी गाडी असेल तर कोणी त्याचा विचारही करणार नाही. प्रेसिडेंटच्या बाबतीत, मान्य केलेली किंमत तिच्या नुसत्या बंपर आणि जाळीच्या बाजारभावाला टेकत नसेल, तर त्या फॉर्मवर सही करण्यापूर्वी मी काही महिने थांबेन.